केमोनंतरचा विसराळूपणा आणि ॲक्युपंक्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाची केमो संपते, केस परत येऊ लागतात, घरचे म्हणतात ‘आता सगळं झालं’. आणि नेमकं त्याच वेळी लक्षात येतं की डोकं पूर्वीसारखं चालत नाहीये. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल या पट्ट्यातल्या रुग्ण बायका आणि त्यांच्या घरची माणसं ॲक्युपंक्चरबद्दल, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराबद्दल, जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. ज्या डॉक्टरांनी केमो दिली त्यांच्या सल्ल्याला हे पर्याय नाही. त्यांना काय विचारायचं हे ठरवायला याचा उपयोग करा.

हे खरंच असतं, की माझ्या मनाचे खेळ आहेत?

खरंच असतं. बोलीभाषेत त्याला ‘केमो ब्रेन’ म्हणतात. उपचार चालू असताना ७५ टक्क्यांपर्यंत रुग्ण अशी तक्रार करतात, आणि उपचार संपल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ती टिकणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. केमोची पहिली सलाईन लागण्याआधीच ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये काही ना काही ढिलाई सापडते. म्हणजे सगळा दोष औषधाचा नाही. आजार, धास्ती, ऑपरेशन आणि झोपेचं खोबरं यांचाही त्यात वाटा आहे.

लक्षणं ओळखीची आहेत. मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो, तुम्ही तो वाचता, दुसऱ्या खिडकीत जाऊन टाकायला लागता आणि चौथ्या आकड्याला गाडी अडते. कुकरची शिट्टी दुसरी की तिसरी, हे कळत नाही. ‘ते हे… पोळ्या भाजायचं…’ म्हणत तवा हा शब्द शोधावा लागतो. चारजण एकदम बोलायला लागले की काहीच डोक्यात शिरत नाही. यात स्मृती पुसली गेलेली नसते. माहिती क्षणभर धरून ठेवण्याची आणि हवी तेव्हा बाहेर काढण्याची यंत्रणा मंदावलेली असते. म्हणूनच कुणी थोडं सूचक बोललं की शब्द पटकन आठवतो.

मग चाचणीत सगळं नॉर्मल कसं येतं?

चाचणी शांत खोलीत होते, एका वेळी एकच काम असतं, समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबतो. सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं. शिवाय ३० गुणांच्या ‘मोका’सारख्या चाळणी चाचण्या स्मृतिभ्रंश किंवा त्याच्या आधीची पायरी हुडकण्यासाठी बनवल्या आहेत. बारीक ढिलाई त्यांच्यातून निसटते, आणि शिकलेल्या, हुशार बाईच्या बाबतीत तर हमखास निसटते. चाचणी नॉर्मल आली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

ॲक्युपंक्चरला जाण्याआधी काय तपासून घ्यावं?

हा भाग टाळू नका. विसराळूपणाची जी कारणं साध्या गोळीने किंवा गोळी बदलून सुटतात, ती आधी काढून टाकली नाहीत तर दोन महिने सुया घेऊन पैसे आणि वेळ दोन्ही जातील.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच, बी-१२, सोडियम, कॅल्शियम आणि साखर पाहा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्याची लक्षणं केमो ब्रेनशी इतकी मिळतीजुळती असतात की नुसतं ऐकून फरक करता येत नाही. त्यातही गंमत अशी, की पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधामुळे पायाला येणाऱ्या मुंग्या आणि बी-१२च्या कमतरतेच्या मुंग्या सारख्याच वाटतात. त्यामुळे ‘हे केमोचंच’ म्हणून विषय संपवला जातो. साखर पाहायची ती डेक्सामेथासोनमुळे. उलटी होऊ नये म्हणून केमोच्या दिवसांत ते देतात, त्याने साखर वाढते आणि झोपही उडते.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. मुंग्यांसाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, झोपेसाठी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम, खाजेसाठी गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी, तीव्र वेदनांसाठी ट्रामाडॉल, यांतली प्रत्येक गोळी डोकं जड करते. दोन-तीन एकत्र आल्या तर विचारायलाच नको. मात्र यातली एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. क्लोनाझेपाम एकदम तोडली तर झटका येऊ शकतो. यादी करून डॉक्टरांसमोर ठेवा.

उरलं काय, तर झोप आणि मन. रात्री तीनदा घामाने भिजून उठणाऱ्या बाईला सकाळी नावं आठवत नसतील तर त्यात मेंदूचा काय दोष? केमोने अनेकींची पाळी एकदम बंद पडते. जे एरवी चार-पाच वर्षांत होतं ते चार-पाच महिन्यांत उरकतं. टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर गरम वाफा आणखी वाढू शकतात. उदासी असेल तर तीही स्पष्ट सांगा. तिच्यावर उपाय आहे.

कुठल्या लक्षणांत थेट कर्करोगतज्ज्ञांकडे जायचं?

सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होणं, झटका येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, किंवा गोंधळ दिवसागणिक वाढत जाणं. स्तनाच्या कर्करोगाच्या हर्टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारांत आजार मेंदूत जाण्याचा धोका जास्त असतो. हाडांत आजार पसरलेल्या रुग्णाला खूप तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी एकदम आली तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. केमो चालू असताना ताप आणि बडबड असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सी गाठा. यांतल्या कशालाही ‘आधी दोन-चार सुया घेऊन पाहू’ हे उत्तर नाही.

संशोधन काय म्हणतं? फायदा सिद्ध झालाय का?

आशा वाटावी इतकं आहे, खात्री द्यावी इतकं नाही.

२०१८ साली चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोनंतर विसराळूपणा आलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांचे दोन गट केले. सुया घेतलेल्या गटात रुग्णांनी स्वतः भरलेली प्रश्नावली, शब्द ऐकून लक्षात ठेवण्याची चाचणी आणि घड्याळाचं चित्र काढण्याची चाचणी, तिन्हींत सुधारणा दिसली. रक्तातलं बीडीएनएफ हे मेंदूच्या पेशींना पोसणारं प्रथिनही वाढलेलं आढळलं. ऐकायला फार छान.

२०२० साली हाँगकाँगचा अभ्यास आला, ९३ रुग्णांचा. तो जास्त कडक होता. एका गटाला डोक्याच्या बिंदूंवर सौम्य करंट आणि अंगावर सुया, दुसऱ्या गटाला नावापुरती टोचणी. आठवड्यातून २ बैठका, ८ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही कळू दिलं नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. मोकाच्या एकूण गुणांत दोन्ही गटांमध्ये आपसांत म्हणावा असा फरक दिसला नाही. अंक लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मात्र खऱ्या सुयांचा गट काहीसा पुढे होता.

दोन्ही शेजारी ठेवले की गोम कळते. नावापुरती टोचणी दिलेला गटही सुधारतो. त्यामागे तीन गोष्टी असतात. केमो संपल्यावर बऱ्याच जणींना आपसूकच थोडं बरं वाटायला लागतं, तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना हात बसलेला असतो, आणि अर्धा तास शांत पडून राहायला मिळतं हे काही कमी नाही. ॲक्युपंक्चरने केमो ब्रेन ‘बरा होतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय.

म्हणजे घेऊच नये का?

असं नाही. विसराळूपणाच्या भोवतीच्या तक्रारींसाठी पुरावा जास्त भक्कम आहे. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सांधे धरतात, त्यावर २०१८ साली २२६ बायकांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास झाला आणि खऱ्या सुयांनी वेदना कमी झाल्या. २०२२ साली तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनांमध्ये या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा समावेश केला. निद्रानाशावर २०१९ साली १६० रुग्णांमध्ये सुया आणि झोपेची वर्तणूक-चिकित्सा यांची तुलना झाली. दोन्हींनी झोप सुधारली, वर्तणूक-चिकित्सेने जास्त.

आमचं मत असं: झोप लागत नाही, सांधे दुखतात, वाफा येतात आणि त्यात भर म्हणून विसरायला होतं, अशी अवस्था असेल तर ॲक्युपंक्चर करून पाहण्यासारखं आहे. झोप आणि दुखणं हलकं झालं की डोकंही थोडं मोकळं होतं. बाकी सगळं ठीक आहे, फक्त शब्द आठवत नाहीत, असं असेल तर सुया पहिल्या पायरीवर ठेवू नका. त्याआधी करण्यासारखं पुढे दिलं आहे.

सुई पायात टोचून डोक्यात काय होणार?

मेंदूला कळणारी गोष्ट म्हणजे मज्जातंतूंची हालचाल. सुई स्नायूत फिरवली की तिथले तंतू जागे होतात आणि तो निरोप मणक्यातून वर जातो. वेदना कमी करणारी रसायनं सुटतात, ताणाची यंत्रणा शांत होते, हे वेदनेच्या बाबतीत बऱ्यापैकी अभ्यासलं गेलंय. केमो ब्रेनमध्ये शरीरातली दाहकारक रसायनं मेंदूपर्यंत पोचतात असं मानतात. सुयांनी तो दाह उतरतो का, हे माणसांत अजून नीट दाखवलं गेलेलं नाही. ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘मेरिडियन’ म्हणजे तिचे मार्ग, ही चिनी वैद्यकाची भाषा आहे. बिंदू शोधायला नकाशा म्हणून ती कामाची आहे, तिचा रक्ताच्या रिपोर्टशी मेळ घालत बसू नका.

केमो चालू असताना सुया घेता येतात का?

येतात, पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहिल्याशिवाय नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत सुया नकोत. पुढच्या सायकलच्या आधीचे चार-पाच दिवस सहसा सोयीचे, कारण तेव्हा सीबीसी करायचीच असते.

रिपोर्टमध्ये एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या, वेगळी छापलेली नसेल तर काढता येते. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. एकूण २,४०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील तर एएनसी ८४०. ती ५०० च्या खाली असेल तर सुया अजिबात नाहीत. ५०० ते १,००० मध्ये थांबणं शहाणपणाचं. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही, २५,००० च्या खाली अजिबात नाही. रिपोर्ट तीन-चार दिवसांपेक्षा जुना नसावा. ‘मागच्या महिन्यात सगळं छान होतं’ हे इथे चालत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. टॅमोक्सिफेनने पायात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखायला लागली तर त्या पायाला सुई लावायची नाही, चोळायचंही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात सुई चालते का?

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातात नको. ज्या हातावर बीपी घेत नाही, रक्त काढत नाही, त्याच हातावर सुईही नाही, इतकं साधं लक्षात ठेवा. जंतुसंसर्ग झाला तर हात सुजतो आणि सूज कायमची मागे लागू शकते. झोपेसाठी मनगटाजवळचे बिंदू वापरतात ते मग दुसऱ्या हातावर घ्यायचे. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर हात पूर्ण सोडून डोकं आणि पाय यांवर काम होतं.

याशिवाय केमो पोर्टच्या (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीच्या) आसपास, छातीच्या भिंतीवर, कृत्रिम स्तन बसवला असेल तिथे, शेकाने म्हणजे रेडिएशनने भाजलेल्या कातडीवर आणि जिथे गाठ आहे तिथे सुई लावत नाहीत. खांद्याच्या उतारावर, मानेच्या आणि खांद्याच्या टोकाच्या बरोबर मध्ये एक प्रसिद्ध बिंदू आहे. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. बारीक अंगाच्या बाईला तिथे खोल टोचणं म्हणजे विनाकारण जोखीम.

विसराळूपणासाठी सुया कुठे लावतात?

मुख्य बिंदू टाळूवर. दोन्ही कानांच्या वरच्या टोकांना जोडणारी रेषा डोक्यावरून ओढली तर ती मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बाइहुई. त्याच्या पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे एक-एक सून अंतरावर चार बिंदू, त्यांना मिळून सिशेनचोंग म्हणतात. सून हे माप म्हणजे अंगठ्याची रुंदी, आणि अंगठा रुग्णाचा स्वतःचा, चिकित्सकाचा नव्हे. कपाळावर केसांच्या रेषेच्या आत अर्धा सून वर शेनटिंग.

इथेच केमोच्या रुग्णांत चूक होते. केस गेलेले असतात, मग केसांची रेषा कुठली धरणार? अंदाजाने टोचलं तर सुई दोन बोटं खाली-वर जाते. बरोबर पद्धत अशी की दोन भुवयांच्या मध्यापासून मोजायचं. तिथून केसांची मूळ रेषा तीन सून धरतात, म्हणजे चार बोटं जोडून होणारी रुंदी, आणि शेनटिंग साडेतीन सूनांवर. मापताना टिकली काढून ठेवा, तिच्या गोंदाखालची कातडी केमोत हुळहुळी झालेली असते.

पायावर गुडघ्याच्या खाली तीन सून, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बोट अंतरावर झूसानली. आतला घोटा आणि टाचेची शीर यांच्या मधल्या खळग्यात ताइशी. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून वर तीन सूनांवर शुआनजोंग. २०१८ च्या त्या चिनी अभ्यासात हेच बिंदू होते, त्यात टाचेजवळचा आणखी एक.

टाळूवरची सुई आडवी, १५ ते ३० अंशांत कातडीखाली सरकवतात. ती कवटीत जात नाही, जाऊच शकत नाही. झूसानलीची सरळ आत, साधारण २५ ते ३५ मिलिमीटर. टाळूच्या सुईची जाडी ०.२० ते ०.२५ मिलिमीटर असते. रक्त काढायची नेहमीची सुई सुमारे ०.७ मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज घ्या.

बैठकीला जाताना काय तयारी करावी?

खाऊन जा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, ज्या दिवशी उपास असेल त्या दिवशीची वेळ घेऊ नका. रिकाम्या पोटी सुई लागली की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. केमोने आधीच अशक्त झालेल्या बाईला तर हमखास. निघण्याआधी तासभर पोळी-भाजी, उपमा असं काहीतरी पोटात असू द्या.

डोक्याला तेल लावून जाऊ नका. तेलकट टाळू स्पिरिटने नीट पुसली जात नाही. गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी सैल सलवार किंवा गाऊन बरा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर दाखवा, त्या भागात सुई टाळतात. विग किंवा स्कार्फ काढावा लागेल. संकोच वाटत असेल तर पडदा असलेली खोली मागून घ्या, तो तुमचा हक्कच आहे.

एक बैठक कशी होते?

पहिल्या भेटीत पाऊण तास विचारपूस आणि रिपोर्ट. मग पलंगावर आडवं करतात. केमोच्या रुग्णाला खुर्चीवर बसवून सुया लावू नयेत, कारण चक्कर आली तर पडायची भीती. जागा पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायचं. आठ ते पंधरा सुया, २० ते ३० मिनिटं. अधूनमधून चिकित्सक सुई किंचित फिरवतो.

टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. नंतर आतून जडपणा, ताण, ठुसठुस जाणवते, तीच अपेक्षित असते. करंट लागल्यासारखी कळ खाली गेली किंवा जळजळ टिकून राहिली तर लगेच सांगा, सुई मागे घ्यायला हवी. पॅक्लिटॅक्सेलमुळे पाय बधिर असतील तर ही जाणीव उशिरा येते किंवा येतच नाही. ‘काही कळत नाही’ म्हणून आणखी खोल टोचणं ही चूक. बधिर पायाला मोक्साचा, म्हणजे जळत्या वाळक्या वनस्पतीचा, शेक किंवा गरम पिशवी तर बिलकूल नको, फोड आल्यावरच कळतं.

काढताना सुया मोजून घ्या. लावल्या किती, निघाल्या किती. टाळूवरची सुई केसांत दिसत नाही आणि घरी जाऊन उशीवर सापडते, असं होतं. टाळूला रक्तपुरवठा भरपूर, तिथे कोरड्या कापसाने मिनिटभर दाबून धरायचं.

करंट लावतात त्याचं काय?

दोन सुयांना चिमटे लावून सौम्य लहरी देतात, टकटक जाणवते, दुखता कामा नये. पेसमेकर असेल किंवा झटके येत असतील तर नको. हर्सेप्टिन किंवा डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधांनी हृदयावर परिणाम झाला असेल तर आधी हृदयतज्ज्ञांना विचारा.

त्रास होऊ शकतो का?

जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यांतल्या ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला, बहुतेक काळं-निळं पडणं किंवा थोडं रक्त येणं, ६.१ टक्के. फुप्फुसाला इजा होऊन हवा भरल्याच्या दोन घटना होत्या. म्हणजे दुर्मीळ, पण शून्य नाही. बैठकीनंतर धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं तर इस्पितळात जा. सुईची जागा लाल, गरम झाली, ताप १००.४ च्या वर गेला तरीही तेच. कानाला चिकटवून चार-पाच दिवस ठेवायच्या बारीक सुया पांढऱ्या पेशी कमी असताना घेऊ नका.

किती बैठका घ्याव्यात? फरक पडला हे कसं कळणार?

आठवड्यातून एक किंवा दोन, आठ आठवडे. सुरुवात करण्याआधीच ठरवा की आठ आठवड्यांनी हिशेब होणार. ‘अजून एक कोर्स’ म्हणत सहा महिने जातात ते हा हिशेब नसल्यामुळे.

नुसत्या ‘बरं वाटतंय’वर जाऊ नका. जगभर वापरतात ती फॅक्ट-कॉग प्रश्नावली ३७ प्रश्नांची आहे. चिकित्सकाकडे असेल तर पहिल्या दिवशी, चौथ्या आणि आठव्या आठवड्याला भरा. नसेल तर वही पुरते. रोजच्या आयुष्यातल्या तीन गोष्टी निवडा ज्या मोजता येतात: आठवड्यात गॅस किंवा गिझर किती वेळा चालू राहिला, ओटीपी किती वेळा परत मागवावा लागला, यादीशिवाय आणायच्या पाच वस्तूंपैकी किती आणल्या. शेजारी झोपेचे तास लिहा. पहिली नोंद बैठका सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांची हवी, ती नसेल तर पुढचं सगळं हवेत. मोबाइलवरच्या स्मृतीच्या खेळांचे गुण धरू नका, खेळून खेळून ते वाढतातच.

चौथ्या आठवड्यात झोपही सुधारली नसेल आणि वहीतही काही हललं नसेल, तर बंद करायला हरकत नाही.

चिकित्सक कसा निवडायचा?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद. परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. दवाखान्यात नोंदणीपत्र लावलेलं असायला हवं. ‘तुमच्या रुग्णाची एएनसी किती चालते?’ हा एक प्रश्न विचारून पाहा. उत्तरादाखल एएनसी म्हणजे काय असा चेहरा झाला, तर नमस्कार करून निघा. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकल्या जातात का ते बघा, जैववैद्यकीय कचऱ्याचा २०१६ चा नियम तसं सांगतो. ‘या तुमच्याच सुया, डबीत ठेवून पुढच्या वेळी आणा’ ही जुनी पद्धत कर्करोगाच्या रुग्णासाठी नकोच.

केमो थांबवा, टॅमोक्सिफेनची गरज नाही, असं म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

जाता जाता: ॲक्युपंक्चर भारतात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणलं असं बरेचदा ऐकू येतं. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, आणि १९४२ साली तिथेच वारले. ही विद्या शिकून ती भारतात आणली त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजय बसूंनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्यात.

सोबत ब्राह्मी, अश्वगंधा, गिंको चालेल का?

कर्करोगतज्ज्ञांना न सांगता नाही. केमोची बरीच औषधं आणि टॅमोक्सिफेन यकृतात मोडतात, चूर्णं आणि काढेही तिथेच, म्हणजे ती एकमेकांच्या आड येऊ शकतात. गिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत विसराळूपणा टळावा म्हणून तपासला गेला, उपयोग दिसला नाही. अल्झायमरची डोनेपेझिल ही गोळीही २०२४ च्या २७६ रुग्णांच्या अभ्यासात निष्फळ ठरली. गोळीच्या मागे लागलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सुयांशिवाय काय करावं?

चालणं, आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगात. तलावपाळी, उपवन, खारघरचं सेंट्रल पार्क, वाशीचा मिनी सीशोअर, जे जवळ असेल ते. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल.

झोपेसाठी: झोप आली तरच गादीवर जायचं, वीस मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. पहिला आठवडा जड जातो, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात.

मेंदूच्या सरावाचाही पुरावा आहे. २०१७ साली २४२ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना संगणकावरचा १५ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. घरी करायची युक्ती साधी आहे, डोक्यावरचं ओझं बाहेर टाकायचं. शिट्ट्या मोजण्याऐवजी मोबाइलवर टायमर. किल्ली, चष्मा, फाइल यांची एकच जागा. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी. एका वेळी एक काम, फोडणी करताना फोन नाही.

ट्रेनने गेलं तर चालेल का?

पेशी ठीक असतील तर चालेल. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्स-हार्बर गाडी दुपारी अकरा ते चारमध्ये बरी असते, वेळ तशीच मागा. येताना कुणीतरी सोबत हवं. सुयांनंतर अर्धा-पाऊण तास गुंगल्यासारखं वाटतं, आणि उतरायचं स्टेशन चुकायला केमो ब्रेन एकटाही पुरेसा असतो.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

ओपीडीतलं ॲक्युपंक्चर बहुधा बसत नाही. आयुषचं कलम दाखवून भरवसा देणाऱ्याला ते नेमकं कुठे लिहिलंय विचारा, कारण आयुषच्या पद्धतींच्या यादीत ॲक्युपंक्चर नाही. विमा कंपनीकडून लेखी घ्या, आणि दवाखान्याकडून आठही आठवड्यांचा एकूण खर्च आधीच.

सुयांची भीती वाटते. घरी बिंदू दाबले तर?

ॲक्युप्रेशर करून पाहता येतं, नुकसान नाही, अपेक्षा बेताची ठेवा. झोपण्याआधी झूसानली आणि चांगल्या हाताच्या मनगटाच्या घडीपासून दोन सून वरचा, दोन शिरांमधला नेइगुआन, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं अंगठ्याने गोल दाबायचं. प्लेटलेट कमी असताना नको, काळे डाग पडतात. सुजलेल्या हातावर नको. नखं आधी कापा.